मावशी, बागेत एक जागा मोकळी ठेवतेय

प्रिय मावशी,

"फुलं लावून काय झाकायचंय तुम्हाला?" एवढं विचारलंस आणि फोन दादाच्या हातात दिलास. दादा म्हणाला, "तिचं मनावर घेऊ नकोस, हल्ली ती असंच बोलते." हल्ली? तू कायम असंच बोलत आलीस, कमी आणि नेमकं. म्हणून तर ते मनावर घ्यायचं असतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलेय. पूर्ण वाच. डोळे दुखले तर नातीकडून वाचून घे. दादाकडून नको, तो मधलंच गाळतो.

आधी काय ठरलंय ते सांगते. भोपाळला युनियन कार्बाइड कारखान्याच्या भिंतीपलीकडच्या एका वस्तीतल्या काही बायका आणि त्यांची आता मोठी झालेली मुलं एकत्र आली आहेत. वस्तीला लागून जमिनीचा एक पडीक तुकडा आहे. तिथे गॅसमध्ये गेलेल्यांच्या आठवणीसाठी बाग करावी असं त्यांच्या मनात आहे. बागा आखणं हे माझं काम आणि भोपाळ हे माझ्या उन्हाळ्याच्या सुट्टीचं गाव, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं ते तुझ्यामुळे. रेल्वे क्वार्टरच्या मागे तुझं ते चिंचोळं अंगण होतं ना, मेथीचे दोन वाफे, गवती चहाचा बुंधा, भिंतीकडेला शेवंती? मातीत हात घालायला मी तिथे शिकले. ओली माती मुठीत दाबायची, मूठ उघडायची, ढेकूळ फुटतं की तसंच राहतं ते बघायचं. पुढे कॉलेजात हेच मोठ्या नावांनी शिकवलं. मला ते आधीच येत होतं.

त्या रात्री मी पुण्यात होते, आईच्या पांघरुणात. तुझ्याकडची रात्र मला तुकड्यातुकड्यांनी कळली, तीही तुझ्याकडून नाही. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या 610 क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं, मिथाइल आयसोसायनेट उकळलं, टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वर आलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी सोडवून ठेवला होता, आणि तो विषारी ढग गावाकडे वाहत आला. हे सगळं मी पुस्तकांत वाचलं. तुझ्याकडून मला एकच गोष्ट मिळाली. पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही आलो तेव्हा अंगण उघडं होतं आणि मी विचारलं होतं, शेवंती कुठे गेली? तू म्हणालीस, "पानं गळाली. सगळ्यांचीच गळाली." आणि आत निघून गेलीस. सगळ्यांचीच म्हणजे कुणाची, हे विचारायची हिंमत मला पुढे कधीच झाली नाही.

राग येतो मला तुझा कधीकधी. का नाही बोललीस? शेजारपाजारच्या बायका मोर्चात गेल्या, दिल्लीपर्यंत पायी चालत गेल्या. तू दर 2 डिसेंबरला संध्याकाळीच दार लावून घ्यायचीस. जयप्रकाश नगरला कारखान्यासमोर आईचा तो पुतळा उभा आहे, तुझ्या भोपाळच्या घरापासून सायकलने जाण्यासारखा. तो तू मला कधी दाखवला नाहीस. डच शिल्पकार रूथ वॉटरमन यांनी 1985 मध्ये केलेला. त्यांचे आईवडील नाझींच्या छळातून वाचलेले. एका हाताने तोंड झाकलेली आई, कवेत बाळ, पदराला धरलेलं दुसरं मूल. पहिलं स्मारक ते, आणि तेही सरकारने उभं केलेलं नाही. मी तो पुतळा पहिल्यांदा पाहिला तो नोकरीला लागल्यावर, एकटीने. तेव्हा वाटलं, शेजारी तू हवी होतीस.

पण तुझ्या प्रश्नाकडे येते. काय झाकायचंय? मावशी, तुला वाटते ती भीती खोटी नाही. झाकण्याची बाग अगदी सोपी असते. हिरवळ अंथरायची, कारंजं करायचं, काळ्या दगडावर चार ओळी कोरायच्या, वर्षातून एकदा पुष्पचक्र. लोक येतात, शांत होतात, परत जातात. त्या शांततेखाली काय पुरलंय ते कुणी विचारत नाही. आणि भोपाळमध्ये खरोखरच पुरलंय. गॅस निघण्याच्या आधीपासून कंपनी कारखान्याचा विषारी कचरा आवारातच गाडत होती, भिंतीबाहेरच्या तळ्यांत सांडपाणी वाळवत होती. ते पाझरत पाझरत खालच्या पाण्यात उतरलं. 1999 मध्ये ग्रीनपीसने तिथली माती आणि पाणी तपासलं तेव्हा पारा सापडला, क्लोरीनयुक्त रसायनं सापडली. ज्यांचा जन्म त्या रात्रीनंतर झाला त्यांनी वर्षानुवर्षं त्याच हातपंपांचं पाणी प्यायलं. एक विष हवेतून आलं आणि एका रात्रीत दिसलं. दुसरं जमिनीतून येत राहिलं आणि त्याला तारीखच नाही.

तुला तर हे निराळं सांगायला नको. काका गेल्यावर भोपाळ सोडून तू दादाकडे महूला आलीस, आणि जानेवारी 2025 मध्ये तो कचरा तुझ्या मागोमाग आला. बारा कंटेनर, 337 टन, रातोरात अडीचशे किलोमीटर, थेट तुझ्या महूजवळच्या पिथमपूरला, जाळून टाकण्यासाठी. पिथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले तेव्हा तू टीव्हीसमोर बसून होतीस, असं दादा म्हणाला. काय चाललं होतं तुझ्या मनात? तो कचरा जळून राख झाली. पण हा होता वर गोण्यांत भरून ठेवलेला कचरा. जो मातीत मुरलाय तो अजून तिथेच आहे.

म्हणून आमच्या बागेचा पहिला नियम वस्तीतल्या एका आजींनीच घातला. त्या म्हणाल्या, आधी मातीची तपासणी, मग बाकीचं. आम्ही ठिकठिकाणची, निरनिराळ्या खोलीची माती तपासायला देतोय. जिथे अहवाल वाईट येईल तिथे झाड लावायचं नाही, कारण झाडाची मुळं खालून काय वर ओढतील याचा भरवसा नाही. तिथे खाली जाड अस्तर घालून, वर बाहेरून आणलेली माती भरून उंच वाफे बांधायचे. फळझाड कुठेच नाही, भाजीपाला नाही. पोरं तोडून खातात. मला पुण्यातले लोक उत्साहाने सुचवतात, सूर्यफुलं लावा, वाळा लावा, झाडं विष शोषून घेतात. काही धातू काही झाडं शोषतात, हे खरं. पण मग ती झाडंच विषारी कचरा होतात, ती उपटून कुठेतरी न्यावी लागतात. कुठे नेणार? पुन्हा कुणाच्या तरी पिथमपूरला? ज्यांनी माती नासवली त्यांचं काम झाडांच्या आणि गरिबांच्या अंगावर टाकायचं नाही, असं आम्ही ठरवलं आहे.

आणि बागेच्या दारातच एक फळा असेल. त्यावर मातीचा आणि बोअरच्या पाण्याचा ताजा अहवाल, दरवर्षी नवा, हिंदीत आणि उर्दूत, कुणालाही कळेल असा. येणाऱ्याने फुलं बघण्याआधी ते वाचायचं. सांग, हे झाकणं आहे का?

भुजला भुजिया डोंगरावर भूकंपाचं स्मृतिवन झालंय, 2022 मध्ये उघडलं. मी जाऊन आले. डोंगरउतारावर पाणी अडवणारे बांध आणि त्यांच्या भिंतींवर गेलेल्यांची नावं. पाणी साठतं, झाडी वाढते. फार सुंदर आखलंय आणि मला तिथे रडू आलं. पण परतताना जाणवलं, हे जसंच्या तसं भोपाळला नेता येणार नाही. भूकंपावर खटला भरता येत नाही. भोपाळला तो भरला गेला, आणि त्याचं काय झालं ते तू बघितलंस. सरकारने 330 कोटी डॉलर मागितले आणि 1989 मध्ये 47 कोटींवर तडजोड केली. बहुतेकांच्या हातात आले 25 हजार रुपये. वॉरन अँडरसन फरारी ठरले आणि 2014 मध्ये अमेरिकेत, कोर्टाची पायरी न चढता वारले. 2010 मध्ये सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच दिवशी जामीन मिळाला. 2023 च्या मार्चमध्ये वाढीव भरपाईची शेवटची याचिकाही सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. त्या दिवशी मी तुला फोन केला होता, आठवतं? तू मला विचारलंस, कैरीचं लोणचं घातलंस का. मी फोन ठेवून खूप वेळ रडले. तुझ्यावरच चिडून. आता वाटतं, निकालांची वाट बघून थकलेल्या माणसाने दुसरं काय बोलायचं असतं?

म्हणून भोपाळच्या बागेला नुसती जखम भरून आणायचं काम देता येत नाही. मागणं अजून संपलेलं नाही. 2005 मध्ये राज्य सरकारने कारखान्याच्या जागेवरच्या स्मारकासाठी स्पर्धा घेतली होती. दिल्लीच्या 'स्पेस मॅटर्स'चा आराखडा निवडला गेला. त्यात कारखान्याचे गंजलेले सांगाडे पाडायचे नव्हते, पुरावा म्हणून जपायचे होते. तो आराखडा मी विद्यार्थ्यांना दाखवते. पण गॅसपीडितांच्या संघटना तेव्हापासून विचारत राहिल्या की आधी जागा साफ कोण करणार, आणि आम्हाला विचारलं कुणी? ते स्मारक आजही उभं नाही. लोकांनी मात्र आपापलं उभं केलं. 2014 मध्ये पीडितांनी 'रिमेंबर भोपाळ' संग्रहालय काढलं, सरकारचा किंवा कुठल्या कंपनीचा पैसा न घेता. तिथे भिंतींवर टेलिफोन आहेत. रिसीव्हर उचलायचा आणि कानाला लावायचा, की एखादी बाई स्वतःच्या आवाजात सांगते, तिच्या घरात त्या रात्री काय झालं. तू तिथे कधी गेली नाहीस. गेलीस तर त्या बाया तुला ओळखीच्या वाटतील.

आमच्याकडच्या बैठकीत एका शिकाऊ मुलाने चित्र काढून आणलं होतं. अरुंद, वळणाचा, उंच भिंतींचा रस्ता. चालणाऱ्याचा जीव गुदमरावा, म्हणजे त्याला ती रात्र कळेल. मुलगा हुशार आहे, मनापासून केलं होतं. एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "बेटा, हमें वो रात याद है. हमें बैठने की जगह दो." मग सगळं नव्याने आखलं. ज्यांची फुप्फुसं गेली आहेत त्यांना चार पावलांवर दम लागतो, म्हणून थोड्या थोड्या अंतरावर बाक, पाठीला टेकू असलेले. चढ नाही, पायऱ्या नाहीत. चाकाच्या खुर्चीतली मुलं सगळीकडे जाऊ शकतील अशा रुंद वाटा. डोळ्यांना गॅस लागलेल्यांना ऊन सोसत नाही, म्हणून पांढरी फरशी नाही, मांडवावर दाट वेल. ज्यांच्या फुलांचा पराग हवेत उडतो अशी झाडं नाहीत. उदबत्ती नाही, कापूर नाही. पिण्याचं पाणी नळाचं, कोलार धरणाचं, हातपंप नाही. संडास हवा, आणि तो दूर कोपऱ्यात नको. बघ, या बागेतला निम्मा विचार मेलेल्यांचा नाही, जगलेल्यांचा आहे.

काय लावायचं याचं उत्तर भोपाळमध्येच होतं. 1996 मध्ये सुरू झालेल्या संभावना दवाखान्याच्या आवारात औषधी वनस्पतींची बाग आहे. त्या झाडपाल्याची औषधं तिथेच बनतात आणि गॅसपीडितांना दिली जातात. तीच वाट आम्ही धरतोय. अडुळसा, तुळस, गुळवेल, कोरफड, कडुनिंब. तू काकांसाठी अडुळशाच्या पानांचा रस काढायचीस, मध घालून. रात्रभर ते खोकायचे आणि सकाळी तू पानं खुडत असायचीस. तो अडुळसा त्याच अंगणातला ना, गॅसनंतरच्या पावसात तू पुन्हा लावलेला? पानं गळालेल्या अंगणात पुन्हा आळं करणारी बाई मला विचारते, फुलं लावून काय झाकायचंय!

आता काकांचं लिहिते. टाळत होते, पण पत्र त्यासाठीच आहे.

भोपाळ स्टेशनवर त्या रात्री उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर कामावर होते. गोरखपूर एक्सप्रेस त्यांनी वेळेआधीच पुढे काढून दिली आणि गाडीभर माणसं वाचवली. स्वतः तिथेच थांबले. त्यांचं आजारपण पुढे वर्षानुवर्षं चाललं आणि 2003 मध्ये ते गेले. फलाटावर रेल्वेच्या मृत कर्मचाऱ्यांचं स्मारक आहे. त्यावर दस्तगीरांचं नाव नाही, कारण ते त्या रात्री मेले नाहीत. आणि काका? काकाही त्याच स्टेशनवरचे, तेही त्या रात्री मेले नाहीत. ते काही वर्षं रोज थोडे थोडे गेले. दाखल्यावर दुसऱ्याच आजाराचं नाव आलं आणि तू मृत्यूचा दावा लावायला गेलीच नाहीस. सगळे तुला सांगत होते, जा. माझी आई तुझ्याशी भांडली. ती पत्र्याची ट्रंक, त्यातले एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं असून तू गेली नाहीस. मला तेव्हा ते कळलं नाही, मावशी. आज थोडं कळतं. काका गॅसने गेले, हे तुला कुणापुढे सिद्ध करायचं नव्हतं. रात्री उशाशी तू बसलेली होतीस.

पण त्यामुळे ते मोजणीतून सुटले. सरकारी हिशेबात मृत्यू 5,295. संघटना म्हणतात 20 हजारांच्या वर. मधल्या हजारोंमध्ये काका आहेत. त्या सगळ्यांसाठी बागेत एक बुटका कठडा बांधतोय, बसता येईल एवढ्याच उंचीचा. त्यावर एकेका नावाची वेगळी फरशी, नाव आणि गेल्याचं वर्ष. वर्ष कुठलंही चालेल, 1984, 1991, 2003, परवाचंही. नाव लावायला दाखला मागायचा नाही. घरच्या माणसाने किंवा शेजाऱ्याने सांगितलं की पुरे. ज्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत त्यांच्या कोऱ्या फरशा. रघू राय यांच्या फोटोतलं, मातीत पुरताना उघड्या डोळ्यांनी बघणारं ते बाळ, त्याचं नाव आजवर कळलेलं नाही. जन्मालाच न आलेलीही आहेत. कठड्याचं एक टोक मुद्दाम बांधायचं सोडतोय, कारण यादी पुरी झालेली नाही.

आणि बागेच्या मधोमध एक चौक मोकळा. तिथे झाड नाही, हिरवळ नाही, नुसती टणक ठोकलेली जमीन. पालिकेचे एक अधिकारी नकाशा बघून म्हणाले, इथे छान कारंजं होईल. बायका म्हणाल्या, इथे आम्ही पुतळा जाळणार. दर 2 डिसेंबरला मशाली घेऊन लोक निघतात, 3 तारखेला कंपनीचा पुतळा जळतो. त्याला जागा नको? बागेतच हवी. जिथे रडायचं तिथूनच ओरडायचं. मला एवढं पटलं ते की मी कारंज्याचा विषय पुन्हा काढूच दिला नाही. बाग न्याय देऊ शकत नाही, मावशी, तेवढी ताकद तिच्यात नाही. पण न्याय मागणाऱ्यांना एकत्र यायला, दम खायला, पाणी प्यायला आणि पुन्हा मागायला ती जागा देऊ शकते. राजकुमार केसवानी यांनी 1982 पासून आपल्या छोट्या साप्ताहिकात लिहिलं होतं की हा कारखाना गावाचा जीव घेईल. कुणी ऐकलं नाही. पुढच्या केसवानींचं तरी ऐकलं जावं, यासाठी ही ओरडायची जागा कोपऱ्यात ढकलून चालणार नाही.

तुझे माझ्यावर उपकार किती, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आपल्यात तसं बोलायची पद्धत नाही. पण माझ्या हातून जी काही हिरवी जागा झाली आहे तिची सुरुवात तुझ्या अंगणात आहे. आणि एखाद्या जागेचं दुःख न विचारता तिच्यावर काही लावायचं नाही, हे मी तुझ्या गप्प राहण्यातून शिकले. तेव्हा राग आला तरी शिकले.

आता मागणं. तुमच्या क्वार्टरच्या रांगेतली माणसं तुला घरागणिक आठवतात, हे मला ठाऊक आहे. कोण त्या रात्री गेलं, कोण नंतर, कुणाची सून पोटुशी होती, कुणाकडे कोण पाहुणे आले होते. त्यातली अर्धी नावं कुठल्याच यादीत नाहीत. ती लिहून दे. वही नातीकडे पाठवलीय. हात कापत असेल तर तू सांग, ती लिहील. काकांचं नाव तू म्हणशील तसं लिहू. नुसतं 'रेल्वे' लिहायचं असेल तर तसं. वर्ष कुठलं घालायचं, ते गेले ते, की 1984, हेही तूच ठरव. माझ्या मते दोन्ही घालावीत. तुला पटलं नाही तर भांड माझ्याशी, पण गप्प राहू नकोस.

पावसाळा सुरू व्हायच्या आत वाफे भरायचे आहेत. दादाला गाडीचं सांगून ठेवलंय. तू ये. माती मुठीत घेऊन बघ आणि वाफ्यात काय जाईल, काय नाही, ते सर्वांसमोर मोठ्याने सांग. तिथल्या बायका तुझं ऐकतील, आणि त्यांचंही तू ऐक.

तुझी,
भाची